जहाजाच्या पोटावर पॉलिश पेपर

रिठदच्या पोराला जहाजातलं काय कळणार, असं हॉस्टेलवर बऱ्याच जणांनी विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे, वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. पण लाकूड घासायला समुद्र कशाला पाहिजे? गावाकडे तिफणीचं चाडं आतून खरबरीत राहिलं की बी अडकतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तसं पाहिलं तर जहाजही आपल्यापासून फार लांब नाही. मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बांधलंय. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. जुने नकाशे नव्हतेच, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या मॉडेलची पाण्यात चाचणी झाली. जहाज सुमारे २० मीटरचं. आपण १:२५ मापाने मॉडेल केलं तर ८० सेंटिमीटरचं होईल, म्हणजे हॉस्टेलच्या टेबलावर मावेल.

अशा मॉडेलचं पोट घासताना बहुतेक जण गुळगुळीतपणाच्या मागे लागतात. खरा मुद्दा आकाराचा आहे. काचेसारखं चकचकीत पोटसुद्धा लाटेसारखं वरखाली असू शकतं, आणि पाण्याला ते लगेच कळतं. डोळ्याला मात्र कळत नाही. म्हणून बांबूची पातळ कामटी घ्या आणि पुढून मागे पोटावर वाकवून धरा. खालून उजेड दिसला तिथे खड्डा, कामटी डुगडुगली तिथे उंचवटा. दुसरी युक्ती, सगळ्या पोटावर पेन्सिलीने गिरगटा करून मग घासायचं. उंचवट्यावरची शिसं आधी जाते, खड्ड्यातली राहते. रात्री लाईट घालवून टॉर्च आडवा धरला तर सावल्याही चुगली करतात. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे पुठ्ठ्याचे साचे लावून बघायचं.

हा सगळा उद्योग ८० नंबरच्या पेपरवर असतानाच संपवायचा. नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो. २२० नंबरने आकार सुधारत नाही, चूक फक्त चमकते. पेपर नुसता बोटांनी धरू नका, बोटांखाली चर पडतात. फुगीर भागाला लाकडी ठोकळा, खोलगट भागाला पाइपचा तुकडा, आणि वळणावर जुन्या स्लीपरचं रबर. (हॉस्टेलवर याची टंचाई कधीच नसते.) घासायचं नेहमी रेषेच्या दिशेने, आडवं नाही. नाकाला रुमाल नको, मास्कच लावा. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते.

फटींत बारीक भुसा आणि फेविकॉल चालतो, पण वर रंग द्यायचा असेल तरच. पॉलिश करणार असाल तर फेविकॉलचे डाग उघडे पडतात. मग १२०, २२०. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं, उभे राहिलेले रोये हलक्या हाताने काढायचे, आणि सँडिंग सीलरचे दोन हात. मधे ३२० फिरवायचा. थिनर खोलीत उघडू नका, विशेषतः कोणी कॉइलवर चहा ठेवला असेल तर.

आता गंमत बघा. एवढं गुळगुळीत केलेल्या पोटावर चाचणीआधी नाकाजवळ मुद्दाम वाळूची बारीक पट्टी चिकटवतात, किंवा छोट्या खुंट्या लावतात. विल्यम फ्राउडच्या नियमाने १:२५ चं मॉडेल खऱ्या जहाजाच्या १/५ वेगाने ओढायचं. लांबी २५ पट कमी आणि वेग ५ पट कमी, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर १२५ पट कमी. त्यामुळे मॉडेलच्या नाकाशी पाणी शांत थरांत वाहतं, खऱ्या जहाजाला मात्र ते खळबळतं लागतं. ती खळबळ या पट्टीने उठवायची. पण ती तिथेच, मोजून. बाकी पोटावर एखादा उंचवटा राहिला तर त्याचा रोध आकड्यात मिसळतो, आणि तो जहाजाचा की आपल्या हाताचा हे नंतर वेगळं काढता येत नाही. त्या आकड्यावर पुढे माणसं समुद्रात जाणार असतात.

लाकूड विचाराल तर शिवण घ्या. हलकं, फार वाकत नाही, आणि पेपरखाली लोण्यासारखं उतरतं.