पावसाळ्यासाठी घरगुती चार्जरची निवड

जालना जिल्ह्यातील वाटूर परिसरात जून ते सप्टेंबर हा पावसाचा मुख्य काळ होय. या दिवसांत विजेवरील मोटार घरी चार्ज करावयाची असल्यास चार्जर पारखून घ्यावा.

चार्जरवर ‘आय. पी.’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासून, तर दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. आय. पी. ५४ चा चार्जर शिंतोडे सोसतो. तो ओसरीत चालेल. उघड्या भिंतीसाठी आय. पी. ६५ चा घ्यावा. हे संरक्षण चार्जरपुरतेच असते. भिंतीवरील प्लगची जागा कोरडीच हवी.

२३० व्होल्टवर १६ अँपिअर प्रवाह घेतल्यास सुमारे ३.७ किलोवॅट भार पडतो. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. विजेची गळती होताच तो प्रवाह तोडतो.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व अर्थिंगचा मातीशी संपर्क सैल होतो. अर्थिंग सदोष असल्यास गाडीच्या पत्र्याचाही झटका बसू शकतो. म्हणून मृग नक्षत्रापूर्वी परवानाधारक वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकरी बंधूंना चार्जर खरेदीपूर्वीच समजावून द्यावी.