वाटीला तारेचा टाका

गुडघ्यावर आपटून वाटीचे आडवे दोन तुकडे झाले, की मांडीचा स्नायू वरचा तुकडा वर खेचतो. मधे फट पडते, पाय सरळ उचलता येत नाही. अशा वेळी नुसतं प्लॅस्टर पुरत नाही. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८७७ मध्ये लंडनमध्ये जंतुनाशकं वापरून गुडघा उघडला आणि चांदीच्या तारेने वाटी जोडली.

आज वाटीतून दोन ताठ तारा उभ्या घालतात आणि पुढून इंग्रजी आठच्या आकारात तार पिळून आवळतात. गुडघा वाकला की फट पुढून उघडू पाहते. ही तार ती अडवते आणि मागे, सांध्याकडे, तुकडे एकमेकांवर दाबले जातात. फाकवणारी ओढच हाड जुळवते, केवढी सुंदर युक्ती! तारांची टोकं मात्र कातडीखाली टोचतात. पोकळ स्क्रूमधून तार ओवली तर हा त्रास कमी होतो.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हा गुडघा वाकवायला लागा, भीतीने आखडू देऊ नका.