हक्क मिळाले, हिशेब राहिला

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या संकुलात रहिवाशांचे म्हणणे ऐकले, तर तक्रारींची यादी साधारण सारखीच निघते. मेंटेनन्स दर दोन वर्षांनी वाढतो, पण एक लिफ्ट कायम बंद. गळतीचा अर्ज पावसाळा संपला तरी ऑफिसात पडून. रंगकामाचे कंत्राट कोणाला आणि किती रुपयांना दिले, हे परांची बांधल्यावर समजते. विचारायला जावे, तर ‘जनरल बॉडीत मंजूर झालंय’ एवढेच उत्तर मिळते. या संतापाचा रोख बहुतेक वेळा माणसांवर असतो: सेक्रेटरी मनमानी करतात, चेअरमन ऐकून घेत नाहीत. मात्र निवडणूक होते, नवी कमिटी येते आणि वर्षभरात तेच आरोप नव्या नावांवर होऊ लागतात. माणसे बदलूनही तक्रार तीच राहत असेल, तर तिचे मूळ व्यवस्थेत शोधले पाहिजे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांची वाटचाल पाहिली, तर ते मूळ सापडते. कायद्याने रहिवाशांना मालकीचे आणि मताचे हक्क टप्प्याटप्प्याने दिले, पण त्यांच्याच पैशांचा हिशेब आपणहून त्यांच्यासमोर ठेवण्याची सक्ती वर्षातून एका सभेपुरतीच राहिली.

या चळवळीची सुरुवात छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांपासून झाली. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा सभासद आधी एकत्र आले आणि घरे नंतर झाली. कमिटीवरचा माणूस रोज जिन्यात भेटत होता. हिशेब विचारायला अर्ज लागत नव्हता. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि त्याखालचे उपविधी याच चित्रावर बेतलेले आहेत. पण तोवर शहरातली घरबांधणी बिल्डरच्या हाती जाऊ लागली होती. इमारत आधी आणि संस्था नंतर, असा उलटा क्रम पडला. परस्परांना अनोळखी शेकडो कुटुंबे केवळ एकाच बिल्डरकडे पैसे भरले म्हणून एका संस्थेचे सभासद झाली. शेजाऱ्यांसाठी रचलेली चौकट परक्यांना लावली गेली आणि विश्वासाची जागा दुसऱ्या कशाने भरून काढायची, हा प्रश्न मागे पडला.

पुढच्या सुधारणांचा मोठा भाग बिल्डरला वेसण घालण्यात खर्च झाला आणि त्याची गरजही होती. १९६३ च्या मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांच्या, कायद्याने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमा स्वतंत्र खात्यात ठेवून त्यांचा हिशेब देणे बिल्डरवर बंधनकारक केले. संस्था नोंदल्यानंतर चार महिन्यांत जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याची मुदतही ठरली. ती इतक्या सर्रास मोडली गेली, की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, तरतूद आणावी लागली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टखालचे पार्किंग बिल्डरला विकता येणार नाही, असा निकाल दिला. २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, आले. या प्रत्येक टप्प्यावर रहिवाशाचे बळ वाढले, पण ते बिल्डरच्या विरोधात. बिल्डर गेल्यानंतर संकुलाच्या आत कारभार कसा चालावा, याकडे लक्ष वळायला बराच काळ गेला.

ते वळले सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर. २०१२ मध्ये ती अमलात आली आणि पुढच्या वर्षी राज्याचा कायदा बदलला. निवडणुकांसाठी राज्य प्राधिकरण आले, ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा आणि मंजूर तालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडून ऑडिट सक्तीचे झाले. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले. तरीही मोठ्या संकुलातला सभासद कारभारापासून दूरच राहिला आणि याचे कारण साध्या आकड्यांत दिसते. आदर्श उपविधींनुसार सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल ती संख्या. तीस घरांच्या सोसायटीत २० माणसे म्हणजे बहुमताहून जास्त. आठशे घरांच्या संकुलात तीच २० माणसे म्हणजे अडीच टक्के. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. दुसरीकडे, सहाशे घरांनी दरमहा पाच हजार रुपये भरले, तर वर्षाला ३ कोटी ६० लाख रुपये जमतात. एवढी रक्कम नोकरी सांभाळून संध्याकाळी ऑफिसात बसणारी माणसे खर्च करतात. सभासदाच्या हाती येते ते फक्त मेंटेनन्सचे बिल. सेवाशुल्क, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, थकबाकीवरचे व्याज: आपण किती द्यायचे ते त्यावर पैशापर्यंत लिहिलेले असते, गेल्या महिन्यात कशावर किती खर्च झाला याची एक ओळही नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की सभासद सभेलाच येत नाहीत, दप्तर पाहण्याचा हक्क कायद्याने दिला असताना तो वापरत नाहीत, मग तक्रार कशाची? उदासीनता खरी आहे. पण ताळेबंद सभेच्या तोंडावर हाती पडतो, कंत्राटाची निविदा आधी दाखवली जात नाही आणि ‘ऐनवेळचे विषय’ सभा सुरू झाल्यावर समजतात. अशा सभेत हात वर करण्यापलीकडे काम उरत नाही आणि माणसे येईनाशी होतात. दप्तर पाहण्यासाठी अर्ज करावा, तर मागणारा भांडखोर ठरतो. हक्क मागावा लागतो तेव्हा तो मूठभर चिवट माणसांनाच वापरता येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कमिटीची माणसे विनामोबदला राबतात, त्यांच्यावर आणखी बोजा टाकला तर कोणी पुढे येणार नाही. त्यांच्या कष्टांची कदर झालीच पाहिजे. पण संशयाचा सर्वांत मोठा त्रास या प्रामाणिक माणसांनाच होतो आणि खुला हिशेब हेच त्यांचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. पगारी मॅनेजर किंवा एजन्सी नेमावी, हा तिसरा मार्ग सोयीचा आहे, मात्र त्याने काम हलते, उत्तरदायित्व हलत नाही. एजन्सी कमिटीला उत्तर देते, सभासदाला नाही.

म्हणून पुढची सुधारणा हिशेबाची हवी. दर तिमाहीचा जमाखर्च प्रत्येक सभासदाला न मागता मिळावा. ठरावीक रकमेवरचे प्रत्येक कंत्राट, आलेल्या सर्व निविदांसह, मंजुरीच्या आधी पंधरा दिवस नोटीस बोर्डावर लागावे. मोठ्या संस्थांत गणपूर्ती सभासदसंख्येच्या प्रमाणात असावी आणि सभेला येऊ न शकणाऱ्यांना मोठ्या खर्चावर ऑनलाइन मत देता यावे. यातले पहिले दोन बदल कायद्याची वाट न पाहता सर्वसाधारण सभेच्या एका ठरावाने उद्यापासून लागू करता येतात. ते झाले म्हणजे भांडणे संपतील असे नाही, पण ती माणसांच्या हेतूंवरून न होता खर्चाच्या योग्यतेवरून होतील, आणि शेकडो परक्या कुटुंबांना एकत्र नांदायचे असेल तर निदान एवढे तरी झालेच पाहिजे.