दोन जिवांची झोप

साठी ओलांडलेल्या एक बाई स्वतःचा रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. दंडावरचा पट्टा सोडवत असताना त्या सहज म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, सूनबाईला आठवा संपत आला. रात्र रात्र बसून तळपाय खाजवत असते. मी खोबरेल चोळून देते. हे दिवसच असे, नाही का?’’ अंगावर पुरळ आहे का, असे मी विचारले. पुरळ नव्हते. तळहातही खाजत होते. सुनेला आजच प्रसूतितज्ज्ञांकडे न्या, असे मी त्यांना सांगितले.

रक्ततपासणीत पित्ताम्लांचे प्रमाण वाढलेले आढळले. गर्भारपणातील हा यकृताचा विकार बाळाच्या जिवावर बेतू शकतो. तो वेळेवर कळला, उपचार आणि देखरेख नीट झाली, बाळ सुखरूप जन्मले. त्या मुलीने ही तक्रार डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. रात्री जाग येणाऱ्या सासूबाईंनी ती पाहिली होती.

म्हणूनच हा लेख घरातील ज्येष्ठांना उद्देशून लिहीत आहे. उतारवयात आपली झोप सावध असते; शेजारच्या खोलीतला दिवा रात्रीत कितीदा लागला, हे आपल्याला ठाऊक असते. ‘असं होतंच’ असे आपण म्हटले की मुलगी गप्प बसते. ‘डॉक्टरांना विचारू’ म्हटले की ती बोलू लागते.

झोप का मोडते?

गर्भारपणात संप्रेरकांमुळे अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते. त्यामुळे आडवे होताच छातीत जळजळ होते. वाढते गर्भाशय मूत्राशयावर दाब देते. कंबरेचे सांधे सैलावतात, पोटऱ्यांत गोळे येतात. या बहुतेक त्रासांवर घरच्या घरी आराम देता येतो.

रात्रीचे जेवण हलके असावे आणि झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी व्हावे. जळजळ होत असल्यास पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून तो भाग थोडा उंच करावा. सोडा घातलेले पाणी देऊ नये. पाणी दिवसा भरपूर प्यावे, संध्याकाळनंतर थोडे कमी. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून बोटे हलकेच नडगीकडे ओढावीत. पायांची सूज उतरण्यासाठी दिवसातून दोन-तीन वेळा पाय उंचावर ठेवून पडावे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवरच झोपावे. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि बाळाकडे जाणारे रक्त कमी होऊ शकते. डावी कूस उत्तम, उजवीही चालते. झोपेत उताणे झाले तर घाबरू नये. जाग आल्यावर पुन्हा कुशीवर वळावे. गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटाखाली जुन्या मऊ साडीची घडी ठेवली की कंबरेला आधार मिळतो. कूस बदलताना उठून न बसल्यास बाळाच्या मानेभोवती नाळ गुंडाळते, अशी समजूत अनेक घरांत आहे. ती खरी नाही. नाळ बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे गुंडाळली जाते. त्या भीतीपोटी मुलीला रात्रभर एकाच कुशीवर अवघडून ठेवू नये.

अंथरुणाला पाठ टेकताच पायांत वळवळ होत असेल, पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. गर्भारपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत देऊ नये. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. जेवणानंतर लगेच चहा देण्याचा आग्रहही सोडावा.

आपली औषधे आपल्यापुरतीच

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. मुलगी तळमळते आहे हे पाहून आपल्या डबीतील झोपेची गोळी, अर्धीसुद्धा, तिला देऊ नका. गुडघ्यांसाठी आपण घेत असलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्याही कंबरदुखीसाठी देऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडांना आणि पुढे त्याच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीला अपाय करू शकतात. माया खरी असली, तरी औषध तिच्या डॉक्टरांनीच द्यावे.

ज्या रात्री सकाळची वाट पाहू नये

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर अचानक आलेली सूज, बरगड्यांखाली जोराचे दुखणे ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. घरात आपले रक्तदाबाचे यंत्र असेल तर मोजावे. 140/90 किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. यंत्राचा आकडा कमी दिसला, तरी ही लक्षणे असतील तर थांबू नये. बाळाची हालचाल मंदावणे, रक्त किंवा पाणी जाणे, एकाच पायाला वेदना व सूज, आडवे होताच दम लागणे, अशा वेळीही तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

तळहात-तळपायांची खाज, लघवी करताना जळजळ, नव्याने सुरू झालेले मोठे घोरणे, किंवा सगळे ठीक असूनही दोन आठवडे झोप नाही आणि मन उदास, हे सारे पुढच्या तारखेपर्यंत राखून ठेवू नये. तपासणी राहिली असेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत होते.

आपल्या वेळी हे सारे सोसले गेले, हे खरे आहे. परंतु त्या सोसण्यात किती घरांनी काय गमावले, हेही आपल्या पिढीइतके कोणाला ठाऊक नाही. उद्या सकाळी चहा पुढे करण्याआधी तिला एवढेच विचारा, ‘‘रात्री झोप लागली का गं?’’ आणि तिचे उत्तर संपेपर्यंत ऐका.