रक्तातील लोहाची सहावी जागा

मोरचुदाचा निळा खडा तापविला, तर त्याची पांढरी भुकटी होते. तिच्यावर पाणी शिंपडताच ती पुन्हा निळी होते. तांब्याला पाण्याचे रेणू बिलगले की हा रंग प्रकटतो. लोह, तांबे, कोबाल्ट या संक्रमणी धातूंचा हा स्वभावच आहे. मध्यभागी धातू व त्याभोवती ठरावीक, पुष्कळदा सहा, रेणू वा आयन अशी या जटिल संयुगांची रचना आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक लाभले.

असेच एक संयुग आपल्या रक्तात वाहत असते. हीमोग्लोबिनमधील लोहाच्या सहा जागांपैकी चार जागा एका चकतीसारख्या रचनेतील नायट्रोजनने व पाचवी प्रथिनाने व्यापलेली असते. सहाव्या जागी फुप्फुसांत प्राणवायू येऊन बसतो आणि शरीरात इतरत्र पोचताच सुटतो. ही पकड सैल आहे, म्हणूनच आपण जगतो.

परंतु अपुऱ्या हवेत कोळसा जळला की निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू त्याच जागेला प्राणवायूच्या २०० हून अधिक पट घट्ट धरून बसतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तही लालच राहते. त्यामुळे धोका ध्यानी येत नाही. यास्तव हिवाळ्यात बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. डोके दुखू लागले, मळमळले, तर तत्काळ मोकळ्या हवेत यावे व वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शुद्ध प्राणवायू मिळाला की ती जागा हळूहळू मोकळी होऊ लागते.