तिसऱ्या माणसाला सर्व्हर का अडवतो?

मार्चअखेर आली की पाबळसारख्या गावातल्या खत-बियाण्यांच्या दुकानातही कॉम्प्युटरसमोर झुंबड उडते. समजा, अशा एका दुकानाच्या मागच्या खोलीत विंडोज सर्व्हर आहे आणि त्यावर टॅली. काउंटरवरच्या पीसीवरून मुलगा रिमोट डेस्कटॉपने बिलं करतोय, शिरूरहून अकाउंटंटही तसाच आत शिरून जीएसटीची जुळवाजुळव करतोय. तेवढ्यात मालक घरून स्टॉक बघायला जातात, तर पडद्यावर दोन नावं येतात : आत आधीच दोघे आहेत, कुणाला बाहेर काढायचं ते निवडा. मालक वैतागतात, ‘एवढा महागडा सर्व्हर, आणि त्याला तीन माणसं झेपत नाहीत?’

झेपतात. अडचण परवान्याची आहे. विंडोज सर्व्हरसोबत येणाऱ्या दोन रिमोट जोडण्या देखभाल करणाऱ्यासाठी ठेवलेल्या असतात, रोजच्या हिशेबासाठी नव्हे. रोज अनेकांना आत बसून काम करायचं, तर ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ (आरडीएस) हा भाग बसवावा लागतो. तो बसला की दोनची अट उठते आणि १२० दिवस परवान्याशिवायही सगळं सुरळीत चालतं. खरी फसगत इथंच होते. बसवून देणारा पैसे घेऊन गेलेला असतो, आणि चार महिन्यांनी एका सकाळी सर्व्हर ‘लायसन्स सर्व्हर सापडत नाही’ म्हणून सगळ्यांनाच दारात उभं करतो.

त्यापुढे लागतं ते ‘कॅल’, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा माणशी किंवा यंत्रामागे परवाना. तो दुहेरी आहे. सर्व्हरशी जोडण्यासाठी विंडोज सर्व्हर कॅल, आणि रिमोट डेस्कटॉपसाठी त्यावर आरडीएस कॅल. एक घेतलं म्हणून दुसरं माफ होत नाही. टॅलीचा परवाना तर आणखी वेगळा.

माणशी घ्यायचं की यंत्रामागे, हे कामावर ठरतं. रांजणगाव एमआयडीसीला सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दोन पाळ्यांत सहा जण तीनच पीसी वापरत असतील, तर यंत्रामागे तीन कॅल पुरतात. मालक मात्र दुकानातून, घरून आणि मोबाइलवरूनही बघणार असतील, तर त्यांना माणशी कॅल परवडतं. एक मेख लक्षात ठेवावी. सर्व्हर डोमेनमध्ये नसून नुसत्या वर्कग्रुपमध्ये असेल, तर २०१९पासूनच्या आवृत्त्यांवर माणशी पद्धत चालत नाही. तासाभरात जोडणी तुटते. छोट्या दुकानांत बहुधा वर्कग्रुपच असतो.

पाबळला सामायिक यंत्रांची सवय जुनी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये इथं विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथं फॅब लॅब उभी राहिली. तिथल्या यंत्रावर किती हातांनी काम केलं, याचे वेगळे पैसे यंत्र बनवणारा मागत नाही. सॉफ्टवेअरचं गणित उलटं आहे. पेटी एक घेतली, तरी वापरणारी डोकी किंवा यंत्रं मोजली जातात.

मग हे परवाने टाळायला कुणीतरी ‘पॅच मारून देतो’ म्हणतं. असा पॅच परवान्याचा भंग असतो, आणि विंडोजचं एखादं अपडेट आलं की तो कोलमडतो. त्यात रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९ इंटरनेटवर उघडं सोडलेलं असेल, तर पासवर्ड चाचपणारे बाहेर उभेच असतात. बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून यावं.

अनेकदा तर सगळ्यांना रिमोट लागतच नाही. टॅलीची अनेकांसाठीची गोल्ड आवृत्ती घेतली की दुकानातल्या दुकानात प्रत्येक जण आपापल्या पीसीवरून तोच डेटा उघडू शकतो. त्याला सर्व्हर कॅल लागतं, आरडीएस कॅल नाही. रिमोट आणि त्याचं आरडीएस कॅल फक्त बाहेरच्या एक-दोघांपुरतं उरतं. त्यांनीही फुली मारून खिडकी बंद करू नये, लॉग ऑफ करावं. नाहीतर टॅली सर्व्हरवर तशीच उघडी राहून रॅम अडवून बसते.

खरेदीआधी कोण, कुठून, कोणत्या यंत्रावरून आणि कोणत्या पाळीत काम करणार, ते एका कागदावर लिहून काढा. कोटेशनवर दोन्ही कॅल वेगवेगळ्या ओळींत आणि आवृत्तीसकट मागा, कारण २०१९चं आरडीएस कॅल २०२२च्या सर्व्हरवर चालत नाही. विक्रेता या दोन ओळी लिहायला का-कू करत असेल, तर दुसरा विक्रेता बघा.