कोडपासून प्रोग्रामपर्यंत : कोड बरोबर, तरी बिल्ड अडलेला

मार्च 2025 मध्ये बिल्डची तयारी करून देणाऱ्या सीमेक या साधनाची 4.0 ही आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारे कितीतरी जुने प्रोजेक्ट बिल्ड व्हायचे थांबले. त्यांच्या कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती. प्रत्येक सीमेक प्रोजेक्टच्या मुख्य फाइलीत सुरुवातीलाच लिहावं लागतं, की या प्रोजेक्टला सीमेकची किमान अमुक आवृत्ती हवी. तिथे अनेकांनी पूर्वी कधीतरी 2.8 लिहिलं आणि पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं नाही. 3.5 हून जुन्या आवृत्त्यांसारखं वागण्याची सोय 4.0 ने काढून टाकली, त्यामुळे तीच ओळ आडवी आली.

खरी तारांबळ उडते ती त्यानंतर. टर्मिनलमध्ये बिल्ड अडतो, पण तोच प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओत उघडला की व्यवस्थित चालतो, किंवा नेमकं उलट घडतं. कारण व्हिज्युअल स्टुडिओ आणि सीलायन हे दोन्ही आयडीई, म्हणजे कोड लिहिण्या-चालवण्याची साधनं, स्वतःचं सीमेक सोबत घेऊन येतात. एकाच संगणकावर दोन-तीन सीमेक नांदत असतात आणि बटण दाबल्यावर त्यांतलं कुठलं धावलं हे पडद्यावर ठळकपणे दिसत नाही. म्हणून अशा तक्रारीत पहिला प्रश्न हाच : कुठलं सीमेक, कुठल्या फोल्डरमधलं, कुठल्या आवृत्तीचं?

सीमेक स्वतः काही बांधत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पाठबळावर, वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारी ‘आयटीके’ ही लायब्ररी तयार होत होती. ती विंडोज, युनिक्स अशा सगळीकडे बांधता यावी म्हणून किटवेअर या कंपनीत सीमेकचा जन्म झाला. 2006 च्या सुमारास केडीईसारख्या अवाढव्य प्रकल्पाने ते स्वीकारलं आणि त्याचा प्रसार झपाट्याने वाढला. त्याचं काम एवढंच, की प्रोजेक्टचं वर्णन वाचायचं, संगणकावर काय काय आहे ते तपासायचं आणि निंजासाठी, मेकसाठी, व्हिज्युअल स्टुडिओसाठी किंवा एक्सकोडसाठी लागणाऱ्या फाइली लिहून द्यायच्या. यातला जो प्रकार निवडला, तो जनरेटर. प्रत्यक्ष कंपायलर चालवतात ती नंतरची साधनं.

ही कामाची वाटणी लक्षात घेतली की चूक कुठे शोधायची ते कळतं. ‘आयडीई बिघडला’ असं ज्याला म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच चुका कंपायलरपर्यंत पोचलेल्याच नसतात. त्या तपासणीच्या टप्प्यावर झालेल्या असतात. आउटपुटच्या खिडकीतली शेवटची ओळ फक्त तपासणी अपुरी राहिल्याचं सांगते. त्या ओळीवर वेळ घालवू नये. वर सरकत जाऊन पहिली एरर गाठावी, कारण खालच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

आता कॅशकडे. सीमेकने एकदा शोधलेला कंपायलर, निवडलेला जनरेटर, सापडलेल्या लायब्ऱ्यांचे पत्ते हे सगळं बिल्ड फोल्डरमधल्या सीमेककॅश नावाच्या फाइलीत नोंदलं जातं. पुढच्या वेळी सीमेक नव्याने शोधत नाही, नोंद वाचतं. त्यामुळे काल निंजा निवडून केलेल्या फोल्डरवर आज व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर मागितला, की आधीच्या जनरेटरशी जुळत नाही असं सांगून ते नकार देतं. प्रोजेक्टचं फोल्डर दुसरीकडे हलवलं तरी तीच गत, कारण कॅशमध्ये जुना पत्ता असतो. ती फाइल आणि सोबतचं सीमेकफाइल्स हे फोल्डर पुसलं की प्रश्न सुटतो, 3.24 पासून ‘फ्रेश’ हा पर्याय देऊन तेच काम एका आज्ञेत होतं.

यातला एक सापळा मात्र फार फसवा आहे. कुणीतरी चुकून मूळ कोडच्या फोल्डरमध्येच सीमेक चालवतं आणि कॅश तिथे तयार होते. मग शहाणपणाने वेगळं बिल्ड फोल्डर काढून, त्यात शिरून, वरच्या फोल्डरकडे बोट दाखवलं तरी नवं फोल्डर रिकामंच राहतं. वरच्या फोल्डरमध्ये कॅश दिसल्यामुळे सीमेक त्यालाच आधीचं बिल्ड फोल्डर समजतं आणि सगळ्या फाइली पुन्हा तिथेच ओततं. अशा वेळी रिकाम्या फोल्डरकडे पाहत बसण्यापेक्षा कोडच्या फोल्डरमधली कॅश आधी काढावी.

दुसरा मोठा घोळ परिसराचा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटचा. मॅकवर डॉकमधल्या चिन्हावरून उघडलेल्या अ‍ॅपला टर्मिनलमधला पाथ आपोआप मिळत नाही. होमब्रूने बसवलेलं निंजा टर्मिनलला सापडतं, आयडीईला सापडत नाही, ते त्यामुळे. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर स्वतः शोधून काढतो. निंजाच्या जनरेटरला मात्र तो परिसरात हजर असावा लागतो. म्हणून निंजा वापरायचा असेल तर साध्या कमांड प्रॉम्प्टऐवजी व्हिज्युअल स्टुडिओने दिलेला नेटिव्ह टूल्सचा प्रॉम्प्ट उघडावा. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं किंवा मोकळी जागा असली की काही जुनी साधनं अडखळतात, हेही मराठीत फोल्डरांना नावं देणाऱ्यांनी तपासून पाहावं.

लायब्ररी डिस्कवर समोर दिसत असूनही ‘सापडली नाही’ असा निरोप येतो, तेव्हा तो पूर्ण वाचावा. फाइल पाहिली पण स्वीकारली नाही, असं खाली लिहिलेलं असतं आणि आवृत्तीपुढे कधीकधी ‘64 बिट’ अशी खूण असते. याचा अर्थ प्रोजेक्ट 32 बिटसाठी तयार होतो आहे. व्हिज्युअल स्टुडिओ 2017 आणि त्याआधीचे जनरेटर काही न सांगितल्यास 32 बिट धरत. 2019 पासून ते संगणकाचा स्वतःचा प्रकार धरतात. जुन्या लेखांतून उचललेल्या आज्ञा इथेच दगा देतात.

डीबग आणि रिलीजचंही तसंच. निंजा किंवा मेकसाठी बिल्डचा प्रकार सीमेकला आधीच सांगायचा असतो. व्हिज्युअल स्टुडिओ आणि एक्सकोडचे जनरेटर एकाच फोल्डरमध्ये सगळे प्रकार ठेवतात, त्यामुळे आधी सांगितलेलं तिथे लागू होत नाही. प्रकार बांधताना निवडावा लागतो. तयार झालेल्या प्रोजेक्ट फाइलीत हाताने बदल करू नयेत. सीमेकची मूळ फाइल बदलली की त्या पुन्हा लिहिल्या जातात आणि केलेली मेहनत पुसली जाते.

राहिला 4.0 चा प्रश्न. प्रोजेक्ट स्वतःचा असेल तर किमान आवृत्तीचा आकडा वाढवून नीट चाचणी करावी. लायब्ररी दुसऱ्याची असेल तर आज्ञेत पॉलिसीची किमान आवृत्ती 3.5 देऊन तात्पुरतं काम भागतं; पण ती दुरुस्ती मूळ लेखकापर्यंत पोचवायला हवी.

टर्मिनल आणि आयडीई यांनी एकच जनरेटर, तोच कंपायलर आणि तेच फोल्डर वापरावं यासाठी सीमेक 3.19 मध्ये प्रीसेटची, म्हणजे हे पर्याय एका फाइलीत लिहून ठेवण्याची, सोय आली. व्हिज्युअल स्टुडिओ, सीलायन, क्यूटी क्रिएटर हे सगळे ती फाइल वाचतात. तिची रचना, आणि सर्वांसाठीचे प्रीसेट व फक्त स्वतःच्या संगणकापुरते प्रीसेट वेगळे का ठेवायचे, हे पुढच्या आठवड्यात.